सॉसची बाटली घरीच भरायची तर : टोमॅटो सॉस, रंजका, मोहरी आणि कारळ्याची चटणी

डब्यात चपातीला सॉस फासून गुंडाळी करून द्यायची सवय आमच्या घरात कधी शिरली, ते आठवत नाही. एका सकाळी बाटली रिकामी निघाली आणि धाकट्याने डबाच नेला नाही. त्या दिवशी मी बाटलीच्या पाठीवरची मुंगीएवढी अक्षरं चष्मा लावून वाचली. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापायचे असा नियम आहे. म्हणजे जे पहिलं, ते सगळ्यात जास्त. टोमॅटोच्या पाठोपाठ साखर होती. पुढे मीठ, आयएनएस २६० (पदार्थात मिसळायच्या द्रव्यांचे हे ठरलेले क्रमांक) म्हणजे व्हिनेगरमधलं ॲसिटिक ॲसिड, घट्टपणासाठी आयएनएस १४२२ हा प्रक्रिया केलेला स्टार्च आणि शेवटी आयएनएस २११, सोडियम बेन्झोएट. तक्त्यात शंभर ग्रॅमला पंचवीस ग्रॅमच्या आसपास साखर. एक मोठा चमचा सॉस साधारण पंधरा ग्रॅम धरला, तर चमचाभर सॉसमध्ये जवळजवळ एक छोटा चमचा साखर! आणि एका चमच्यावर थांबणारं पोर मी अजून पाहिलेलं नाही.

तेव्हापासून गेली काही वर्षं सॉस, मोहरी, मेयोनीज आणि चटण्या घरी होतात. माहेर संकेश्वरच्या बाजूचं, सासर खानापूर तालुक्यातलं आणि बिऱ्हाड बेळगावात, त्यामुळे कोरड्या हवेचं आणि ओल्या हवेचं असं दोन्हीकडचं शहाणपण फुकटात मिळालं. चुका मात्र माझ्या मीच केल्या.

राखणदार कोण?

घरचं म्हणजे आपोआप तब्येतीला चांगलं, असं मी म्हणणार नाही. आमच्याकडचा जुन्या पद्धतीचा रंजका, म्हणजे ओल्या लाल मिरचीचा ठेचा, किंवा लिंबाचं लोणचं रक्तदाब असलेल्या माणसाला विकतच्या सॉसपेक्षा जास्त त्रास देऊ शकतं, कारण त्यात मीठ भरमसाट असतं. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते. म्हणजे सपाट भरलेला एक छोटा चमचासुद्धा नाही, आणि त्यात भाजी, आमटी, भाकरी सगळं आलं. गूळही साखरच. रंग तपकिरी असला म्हणून शरीर त्याला सूट देत नाही.

घरी करण्याचा खरा फायदा एवढाच की मीठ, गोड आणि तेल किती घालायचं ते आपल्या हातात असतं. पण बाटलीतली साखर, मीठ आणि ते बेन्झोएट नुसती चवीला बसलेली नसतात, ती राखण करत असतात. आपण त्यांना कमी केलं की त्यांचं काम दुसऱ्या कुणाला तरी द्यावं लागतं. उमेदवार चारच आहेत: आंबटपणा, कोरडेपणा, थंडी आणि उकळी. पुढची प्रत्येक कृती वाचताना मनाशी विचारा, इथे राखणीला कोण आहे? उत्तर सापडलं नाही तर तो पदार्थ दोन दिवसांत संपवायचा.

माझा पहिला टोमॅटो सॉस मी ऐन श्रावणात केला. साखर जवळजवळ काढून टाकली, व्हिनेगरचा वास नको म्हणून तेही वगळलं, जॅमची जुनी बाटली धुऊन तशीच ओली भरली आणि ओट्यावर ठेवली. आठव्या दिवशी झाकण फिरवलं तर फट्ट करून उडालं आणि फेस भिंतीपर्यंत गेला. सासूबाई दारात उभ्या होत्या. “काय करालीस गे, सॉस की फटाके?” एवढंच म्हणाल्या.

हत्यारं

चार गोष्टी हव्यातच. एक छोटा वजनकाटा, कारण कमी मिठाच्या पदार्थात ‘अंदाजे’ चालत नाही. जाड बुडाचं स्टीलचं पातेलं. टोमॅटो, चिंच, व्हिनेगर लोखंडी कढईत घातलं तर रंग काळवंडतो आणि चवीला लोखंड लागतं. कल्हई नसलेल्या पितळेत तर आंबट मुळीच शिजवू नका, ॲल्युमिनियमही नको. रुंद तोंडाच्या काचेच्या बाटल्या, लहान. लिटरभराची एक असण्यापेक्षा पाव लिटरच्या चार बऱ्या, कारण बाटली उघडली की तिचे दिवस मोजायला सुरुवात होते. आणि चौथी गोष्ट, बाटलीवर तारीख लिहायला चिकटपट्टी आणि पेन. ही सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त विसरली जाणारी.

बाटल्या साबणाने धुऊन मोठ्या पातेल्यात पाण्यात बुडवून दहा मिनिटं उकळायच्या. खाली फडकं टाका म्हणजे तडकणार नाहीत. झाकणंही त्याच पाण्यात. काढल्यावर स्वच्छ कापडावर उपड्या. आतून पुसू नका, पुसायच्या फडक्यातच निम्मे जंतू असतात.

टोमॅटो सॉस

टोमॅटो स्वस्त झाले की लोक करायला बसतात ते बरोबरच आहे, पण स्वस्त म्हणजे पिचके नव्हेत. लालबुंद, घट्ट, न फुटलेले घ्या. लांबट जातीत गर जास्त आणि पाणी कमी, म्हणून आटवायला गॅस कमी लागतो. गोल देशी टोमॅटो आंबट असतात, चव त्यांची चांगली. मी दोन्ही निम्मे निम्मे घेते.

दोन किलो टोमॅटो, एक मध्यम कांदा, आठ लसूण पाकळ्या, इंचभर आलं, चार ब्याडगी मिरच्या. ब्याडगी इथे तिखटासाठी नाही, रंगासाठी. हावेरी जिल्ह्यातल्या ब्याडगी गावाच्या नावाने ओळखली जाणारी ही सुरकुतलेली मिरची रंगाला गडद आणि तिखटाला सौम्य. २०११ साली तिला भौगोलिक मानांकन मिळालं. बिया काढून कोमट पाण्यात अर्धा तास भिजवा. टोमॅटोच्या फोडी आणि बाकी सगळं पातेल्यात घालून, पाण्याचा थेंब न टाकता, झाकण ठेवून वीस मिनिटं मंद आचेवर शिजवा. टोमॅटोला स्वतःचं पाणी भरपूर सुटतं.

निवल्यावर मिक्सरमधून काढा आणि चाळणीतून गाळा. वाटीच्या बुडाने दाबून दाबून, खाली नुसती सालं आणि बिया राहीपर्यंत. हे काम कंटाळवाणं आहे, पण ते टाळलं तर सॉस न होता टोमॅटोची आमटी होते.

गाळलेला रस रुंद पातेल्यात उघडा उकळायला ठेवा. चार लवंगा, दहा मिरे, दालचिनीचा इंचभर तुकडा यांची मलमलीत पुरचुंडी बांधून आत सोडा. आता तास-दीड तास जातो. सुरुवातीला आच मोठी चालते. रस घट्ट होऊन फटफट उडायला लागला की मंद करा आणि ढवळणं सोडू नका. त्या उडणाऱ्या थेंबाने हात भाजतो, लांब दांड्याचा डाव घ्या.

रस तिसऱ्या हिश्श्यावर आला की पुरचुंडी पिळून काढा. मगच पन्नास ग्रॅम किसलेला गूळ, आठ ग्रॅम मीठ आणि चाळीस मिलिलिटर व्हिनेगर घाला. गूळ आधी घातला तर बुडाला लागतो. मीठ आधी घातलं तर आटल्यावर ते किती खारट होणार, याचा अंदाज चुकतो. व्हिनेगर आधी घातलं तर त्यातलं आम्ल उडून जातं. आणखी दहा मिनिटं उकळा.

झालं की नाही हे पाहायला थंड ताटलीत चमचाभर टाका आणि ताटली तिरकी करा. सॉसभोवती पाण्याचं कडं सुटलं तर अजून वेळ आहे.

एवढ्यातून अर्धा किलोच्या थोडा वर सॉस निघतो. वरून घातलेलं गोड शंभर ग्रॅमला दहा ग्रॅमच्या आत. मुलं पहिल्या आठवड्यात कुरकुरतात, म्हणून पहिल्या घाण्यात ऐंशी ग्रॅम गूळ घातला तरी चालेल, पुढच्या वेळी कमी करा. काळपट गुळाने सॉस तपकिरी होतो, ते पाहूनच कुणी तोंड फिरवणार असेल तर पिवळा गूळ वापरा किंवा थोडी साखर. मी त्यावर भांडत नाही.

व्हिनेगर वगळू नका. टोमॅटोचा आंबटपणा सीमेवरचा असतो. सामू (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आंबट जास्त) ४.६ च्या खाली असला की बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचा जंतू वाढत नाही, आणि पिकलेले टोमॅटो कधी त्याच्या खाली तर कधी वर असतात. व्हिनेगर नकोच असेल तर तेवढाच लिंबाचा रस घाला. सॉस उकळता असतानाच गरम बाटलीत भरा, वर अर्धा इंच जागा सोडा, झाकण लावा, निवल्यावर थेट फ्रीजमध्ये. महिनाभर टिकतो. जास्त केला असेल तर बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून खडे पिशवीत भरा, तीन महिने लागेल तसा एकेक काढा.

रंजका

आता माझ्या आवडीचा. हॉटेलात चायनीजबरोबर जो लाल सॉस देतात, त्याच्या जागी मी रंजका वापरते आणि घरात कुणाला फरक कळत नाही. कळला तर बाजू रंजक्याचीच घेतात. बेळगावापासून पलीकडे धारवाडपर्यंत तो घराघरात होतो, कन्नड घरांत त्याला ‘केंपु खारा’ म्हणतात. सोलापूरकडेही रंजका हेच नाव आहे. लाल झालेली ओली मिरची, लसूण, मीठ, लिंबू. एवढंच.

हिवाळ्यात बाजारात लाल ओल्या मिरच्यांचे ढीग लागतात. दोन-तीन आठवड्यांचा हंगाम, तो गाठायचा. अर्धा किलो घ्या. सगळी जहाल घेऊ नका. निम्मी जाड सालीची, कमी तिखट घ्या, रंगही त्यानेच येतो.

देठासकट धुवा. देठ आधी काढलेत तर त्या भोकातून पाणी आत शिरतं आणि तिथूनच बरणी बिघडते. हे मला कुणी सांगितलं नव्हतं, अर्धा किलो मिरची गेल्यावर कळलं. धुऊन पंचावर रात्रभर पसरा. सकाळी देठ काढा आणि प्रत्येक मिरची उभी चिरून आत बघा. बाहेरून तकतकीत दिसणारी मिरची आतून काळ्या बियांची आणि बुरशीची निघते. ती बाजूला. होय, प्रत्येक मिरची. टीव्हीसमोर बसून करा, पण हातमोजे घालून.

मिरच्या, शंभर ग्रॅम सोललेला लसूण आणि तीस ग्रॅम मीठ एकत्र जाडसर वाटा, पाणी न घालता. पाट्यावर वाटलेला रंजका जास्त चांगला लागतो हे खरं, आणि मी तो मिक्सरवर वाटते हेही खरं.

मिठाचा हिशोब नीट समजून घ्या, कारण सगळी गोम त्यात आहे. सासूबाईंचं माप अर्धा किलो मिरचीला अर्धी वाटी शिगोशीग मीठ. मी एकदा काट्यावर टाकलं तर नव्वद ग्रॅम भरलं. एवढ्या मिठात रंजका फळीवर वर्षभर राहतो, पण पोह्याचा चमचाभर रंजका म्हणजे दीड ग्रॅमच्या वर मीठ. दिवसाच्या वाट्याचा तिसरा हिस्सा एका चमच्यात. माझं माप मिरची-लसणाच्या पाच टक्के आहे, त्यात तोच चमचा अर्ध्या-पाऊण ग्रॅमवर येतो. पाच टक्क्यांत वाईट जंतू दबतात आणि इडलीचं पीठ किंवा ताक आंबवणारे लॅक्टिक जिवाणू कामाला लागतात. मग राखण मीठ एकटं करत नाही, आंबटपणा करतो. पण ही बरणी फळीवरची नाही, फ्रीजची आहे. दोन टक्क्यांवर आणण्याचा हट्ट करू नका.

वाटण चिनी मातीच्या किंवा काचेच्या बरणीत पाऊणच भरा. फुगतं. चमच्याने दाबून हवा काढा, वर सैल झाकण किंवा दुहेरी फडकं बांधा, खाली ताटली ठेवा. उन्हात नको, स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात. रोज एकदा कोरड्या लाकडी चमच्याने वरखाली करून पुन्हा दाबायचं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बुडबुडे दिसतात, आंबूस वास येतो. बेळगावच्या थंडीत पाच ते सात दिवस लागतात, संकेश्वर-गोकाककडे उष्म्यात चार पुरतात. वर पातळ पांढरी साय धरली तर काढून टाका, ती घातक नसते. केसाळ, हिरवी, काळी किंवा गुलाबी बुरशी दिसली तर सगळी बरणी फेका. वरचं काढून खालचं वापरायचा मोह होतो, पण बुरशीची मुळं दिसतात त्याच्या खाली गेलेली असतात.

आंबून झालं की पाच-सहा लिंबांचा, साधारण शंभर मिलिलिटर रस आणि भाजून कुटलेल्या मेथीचा एक छोटा चमचा घाला. दोन मोठे चमचे तेलाची मोहरी-हिंगाची फोडणी करून ती पूर्ण गार झाल्यावर ओता. गरम ओतली तर आठवडाभर पाळलेले जिवाणू मारले म्हणून समजा. फ्रीजमध्ये तीन महिने. सॉससारखा ओतता यावा असं वाटत असेल तर थोडा बाजूला काढून व्हिनेगर घालून बारीक फिरवा आणि गाळा.

मोहरी फेसणे

विकतची ‘मस्टर्ड’ची छोटी बाटली ज्या भावात मिळते, त्यात वर्षाची मोहरी येते. आणि ही कला आपल्याकडे आधीपासून आहे. लोणच्याची मोहरी फेसताना नाकात झणका जातो आणि डोळ्यांतून पाणी येतं, तोच तो सॉस.

तीन मोठे चमचे मोहरी (निम्मी पिवळी मिळाली तर कडवटपणा कमी होतो) कोरडीच बारीक करा. वाडग्यात थंड पाणी तेवढंच घाला आणि चमच्याने दहा मिनिटं फेसत राहा. मोहरीचा झणका दाण्यात तयार नसतो. दाणा फुटून पाणी लागलं की त्यातलं मिरोसिनेज नावाचं विकर तो तयार करतं. गरम पाण्याने ते विकर मरतं, मग नुसता कडू चिखल उरतो. झणका पुरेसा चढला की दोन मोठे चमचे व्हिनेगर, चिमूटभर हळद, पाव चमचा मीठ, सुपारीएवढा गूळ. आंबट घातलं की झणका आहे तिथे थांबतो. लगेच चाखू नका, कडू लागेल. एक रात्र फ्रीजमध्ये मुरू द्या. महिना टिकते.

मेयोनीजच्या जागी

अंड्याच्या खऱ्या मेयोनीजमध्ये वजनाचा बराच मोठा वाटा निव्वळ तेलाचा असतो आणि अंडं कच्चं. कच्च्या अंड्यात साल्मोनेला हा जुलाब-तापाचा जंतू असू शकतो. तेलंगणाने २०२४ मध्ये कच्च्या अंड्याच्या मेयोनीजवर वर्षभराची बंदी घातली ती यामुळेच. घरी ताजं अंडं आणलं म्हणून धोका जात नाही.

मी चक्का वापरते. श्रीखंडाला बांधतो तसाच. पाऊण लिटर घट्ट दही पाच-सहा तास टांगा, उन्हाळ्यात फ्रीजच्या आत चाळणीवर ठेवा, नाहीतर आंबट ढाण होतो. अडीचशे ग्रॅम चक्क्याला एक मोठा चमचा तेल, वरची फेसलेली मोहरी एक छोटा चमचा, लसणाची अर्धी पाकळी ठेचून, मिरपूड, पाव चमचा मीठ, चिमूटभर साखर. हाताने फेटा, मिक्सरमध्ये तो पातळ होतो. चार दिवसांत संपवा. सँडविचला, उकडलेल्या बटाट्याला, भाजलेल्या रताळ्याला लावा. आमच्या बेळगाव-खानापूर पट्ट्यात रताळ्यांना तोटा नाही.

खानापूर-चंदगडकडे काजू घरचे असतात, म्हणून कुणी काजूचंही करतं: शंभर ग्रॅम तुकडा काजू गरम पाण्यात दोन तास भिजवून, लिंबू, लसूण, मीठ घालून गंधासारखा वाटायचा. चव राजेशाही. पण काजूत निम्म्याच्या जवळपास चरबीच असते, तेव्हा वजन उतरवायला म्हणून हे करत असाल तर करू नका.

कोरड्या चटण्या

आमच्या भागात नुसतं ‘चटणी’ म्हटलं की वर्षाची लाल चटणी, म्हणजे कांदा-लसणाचं तिखट. बाकीच्यांना नाव लावावं लागतं: कारळ्याची, जवसाची, शेंगांची. ब्रेडवर लावायच्या गोड क्रीमच्या जागी आमची मुलं आता दह्यात कालवलेली कारळ्याची चटणी खातात. हे एका दिवसात झालं नाही, हेही सांगते.

कारळे, कन्नडमध्ये गुरेळ्ळू, पाव किलो. आधी निवडा, खडे फार असतात. मंद आचेवर कोरडे भाजा. तडतडायला लागले आणि खमंग वास सुटला की लगेच उतरवा. काळाच दाणा, त्यामुळे करपला तरी दिसत नाही, नाकावर विसंबा. पन्नास ग्रॅम तीळ वेगळे भाजा. आठ-दहा सुक्या मिरच्या चमचाभर तेलात परता. लसणाच्या बारा पाकळ्या चिरून त्याच तेलात कुरकुरीत होईपर्यंत तळा. कच्चा लसूण घातला तर चव जास्त चांगली, पण त्याच्या ओलाव्याने चटणी आठवड्यात बिघडते. तेव्हा टिकवायची असेल तर तळलेला, आजच खायची असेल तर कच्चा. सगळं पूर्ण निवल्यावर दोन छोटे चमचे मीठ आणि लिंबाएवढी चिंच (तव्यावर गरम करून कोरडी केलेली) घालून जाडसर कुटा. मिक्सर थांबवत थांबवत चालवा, एकदम फिरवला तर तेल सुटून गोळा होतो.

इथे राखणदार कोरडेपणा. ओला चमचा गेला की तो पळाला. खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडच्या पावसात तर उघडी बरणीच चटणीला ओली करते, तिथे आठवड्यापुरतीच करावी. अथणी-रायबागकडे तीच महिनाभर सहज राहते. कारळ्यात आणि जवसात तेल भरपूर, त्यामुळे बुरशी नाही आली तरी खवटपणा येतो. जवस त्यात सगळ्यात पुढे. त्यातली ओमेगा-३ चरबी तब्येतीला चांगली आणि हवेला हळवी. भाजलेले अख्खे जवस डब्यात ठेवा, कुटायचे लागतील तेवढेच.

शेंगदाण्यांबाबत एक गोष्ट गंभीरपणे घ्या. सुरकुतलेले, काळे पडलेले, कडू किंवा कुबट वासाचे दाणे कटाक्षाने काढा. त्यांच्यावरच्या बुरशीतून अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं, ते यकृताला घातक असतं आणि भाजून जात नाही. ‘भाजले की चालतात’ असं म्हणून खराब दाणे चटणीत ढकलायची आपल्याकडची काटकसर महागात पडते.

वर्षाची लाल चटणी हा स्वतंत्र लेखाचा विषय, इथे दोनच गोष्टी. मिरची अख्खी घ्या आणि डंकावर स्वतः उभं राहून कुटून आणा. संकेश्वरी म्हणून विकली जाणारी प्रत्येक मिरची संकेश्वरची नसते, माहेर तिकडचं असूनही मी दोनदा फसले आहे. आयती पूड घ्यावीच लागली तर ग्लासभर पाण्यावर चिमूट टाकून बघा. रंगाच्या रेघा सरसर खाली उतरल्या तर वरून रंग घातलेला आहे. दुसरं, खोबरं आणि तेल घातलेली चटणी एकदम वर्षाची करू नका. कोरडं तिखट वर्षाचं ठेवा, कांदा-लसूण-खोबरं दोन-तीन महिन्यांचं मिसळत जा.

एक गोष्ट जी करायची नाही

लसूण तेलात बुडवून, ‘गार्लिक ऑइल’ म्हणून ओट्यावर ठेवायची टूम आली आहे. करू नका. तेलाखाली हवा नसते, लसणात आंबटपणा नसतो, ओलावा असतो. बोट्युलिझमच्या जंतूला असंच घर लागतं. त्याचं विष वासाला, चवीला कळत नाही. हवंच असेल तर थोडं करा, फ्रीजमध्ये ठेवा, चार दिवसांत संपवा. तेलात बुडलेलं सगळं टिकतं हा समज लोणच्यामुळे झाला आहे. लोणच्यात मीठ आणि आंबटही असतं, हे विसरलं जातं.

हिरव्या मिरचीचा सॉस मात्र सोपा आहे. पाव किलो मिरच्या, शंभर मिलिलिटर व्हिनेगर, तेवढंच पाणी, चमचाभर मीठ, थोडं आलं-लसूण, दहा मिनिटं उकळून, निववून, वाटून बाटलीत. तीन आठवडे फ्रीजमध्ये. उकळताना खिडक्या उघड्या ठेवा आणि शेजाऱ्यांना आधी सांगा. आमच्या गल्लीत एकदा तीन घरं खोकत बाहेर आली होती.

सुरुवात कुठून करायची, असं वहिनी-ताया विचारतात. वेळेत, भांड्यांत आणि पैशांत सगळ्यात कमी गुंतवणूक मोहरीची आणि कारळ्याची, म्हणून ती आधी. टोमॅटो सॉस हिवाळ्यातल्या एखाद्या मोकळ्या रविवारी. रंजका पावसाळ्यात लावू नका, मिरचीही चांगली मिळत नाही आणि हवाही साथ देत नाही. माझी यंदाची बरणी आज चौथ्या दिवसावर आहे, सकाळी दाबली तेव्हा वर आलेला रस ताटलीत सांडला होता. उद्या जरा मोठी ताटली ठेवीन.